बाहेर कोण बसतं

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही माझ्यासाठी छापलेली नाही. केंद्राच्या कपाटात अशा अकरा कोऱ्या वह्या पडून होत्या. सिस्टर म्हणाल्या, "घे एक. वाळवी लागायच्या आत तू तरी घे." प्रत्येक पानावर चार रकाने आहेत: क्रमांक, बक्कल नंबर, तक्रार, शेरा. मी रकान्यांवरून आडवं लिहिणार. मी पोलीस नाही, त्यामुळे मला बक्कल नंबर नाही आणि आज पहिलाच दिवस असल्यामुळे तक्रारही नाही.

तर नोकरी. पोलिसांच्या आरोग्य आणि कल्याण केंद्रात स्वागत कक्ष. ऐकायला भारी आहे. प्रत्यक्षात एक टेबल, एक बाक, पाण्याचा फिल्टर, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ आणि मी. डावीकडे सिस्टरांची खोली, तिथे रक्तदाब, साखर आणि वजन. उजवीकडे फिजिओची, तिथे गुडघे आणि कंबरा. समोरचं दार बाईंचं. बाई समुपदेशक आहेत. ज्यांना झोप येत नाही, घरात आदळआपट होते, कामावरचं काहीतरी डोक्यातून जात नाही, अशा पोलिसांनी त्यांच्याकडे जाऊन बोलायचं. त्या मंगळवारी आणि गुरुवारी येतात.

नोकरी मिळाली ती दादाची बहीण म्हणून. इथे नियमच आहे, पद भरायचं झालं की आधी पोलिसांच्या घरच्यांना. सिस्टर हवालदाराच्या बायको, फिजिओ एका निरीक्षकाचे जावई, झाडणाऱ्या आजी कुणा शिपायाच्या सासूबाई. बाई तेवढ्या बाहेरच्या. माझा अर्ज वहिनीने गेल्या वर्षी भरला होता, तेव्हा मी एका बोटीवर तिकिटं फाडत होते. त्याआधी रोपवाटिका, त्याआधी छापखाना, त्याआधी अर्धवट सोडलेला वायरमनचा कोर्स. आतापर्यंतचा माझा विक्रम नऊ आठवड्यांचा.

दादा सकाळी म्हणाला, "भिंगरे, किती दिवस टिकशील?"

"बघू."

"पैज लावली असती, पण तू हरशील."

दादा गस्तीच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. आज ड्युटी संपून साडेसहाला आला, पण वर आला नाही. आमची स्वतःची जुनी गाडी खाली उभी असते, त्यात बसून रेडिओ ऐकतोय. वहिनी म्हणाली, हल्ली रोजच ऐकतात. बरं आहे, माणसाला छंद हवा.

६ फेब्रुवारी, गुरुवार

घड्याळ उघडलं. आत एक मेलेली माशी आणि गंजलेला सेल. माशी काढली, सेल बदलला, टिकटिक सुरू. मग वेळ लावायला मागचं छोटं चाक फिरवलं आणि चाक माझ्या हातात आलं. तेव्हा ते सात मिनिटं पुढे होतं. आता कायम सात मिनिटं पुढे राहणार. चिकटवायला बघितलं, पण मध्येच फिल्टरच्या तोटीकडे लक्ष गेलं, तिला गळती आहे. तोटी सोडवली. ती परत बसवेपर्यंत पाच वाजले, म्हणजे घड्याळात पाच वाजून सात.

मी मनात सात वजा करते. कुणाला सांगितलेलं नाही. इथे घड्याळाकडे बघायला येतंय कोण?

खरंच, येतं कोण? सिस्टरांकडे दिवसाला तीस-पस्तीस जण. फिजिओकडे रांग. बाईंकडे आज कुणीच नाही.

पद्धत अशी आहे. ज्याला बाईंकडे यायचंय त्याने बाईंच्या खोलीतल्या फोनवर फोन करायचा. बाई नाव विचारत नाहीत, एक टोकन नंबर देतात आणि वेळ देतात. माझ्याकडे फक्त चिठ्ठी येते: टोकन अमुक, इतके वाजता. तो माणूस आला की मी नंबर पुकारायचा, त्याने आत जायचं. नाव नाही, बक्कल नंबर नाही, कुठे नोंद नाही. अशी छान पद्धत कुणीतरी डोकं लावून काढली आहे. पण या आठवड्यात पाच चिठ्ठ्या आल्या आणि माणसं शून्य. एक जण आला होता तो विचारायला की मागच्या दाराने कँटीनला जाता येतं का.

११ फेब्रुवारी, मंगळवार

टोकन एकतीस, वेळ अकरा. आला नाही. मागच्या मंगळवारीही एकतीस होता आणि आला नव्हता. बाकीचे एकदा चुकले की परत फोन करत नाहीत. हा करतो. त्यामुळे मला याच्याबद्दल कुतूहल वाटायला लागलंय. मी मनातल्या मनात त्याचं चित्र काढलं: उंच, मिशा, बोलताना टोपी हातात फिरवणारा. बायकोशी पटत नसावं.

बाईंना विचारलं, "हा एकतीस कोण असेल हो?"

बाई चष्मा पुसत होत्या. म्हणाल्या, "एकतीस."

त्यांचं असंच असतं. विचारलं की जेवढं विचारलं तेवढंच परत देतात.

जेवताना घरी सांगितलं की आमच्याकडे एक एकतीस नंबरवाला आहे, वेळ घेतो आणि दांडी मारतो. वहिनी भाजी वाढत होती, ती थांबली. दादा म्हणाला, "काम निघालं असेल."

"दोनदा?"

"पोलिसाला दोनदा काम निघू शकतं." मग थोड्या वेळाने, "तू तिथे पूर्ण वेळ असतेस का? जेवायला वगैरे बाहेर जात असशील."

म्हटलं, "नाही, टेबलावरच डबा खाते. नाहीतर नंबर कोण पुकारणार?"

दादाने मान हलवली. पहिल्यांदाच त्याने माझ्या कुठल्या नोकरीबद्दल काही विचारलं. छापखान्याचं तर त्याला नावही माहीत नव्हतं. मला बरं वाटलं, म्हणून मी त्याला सगळी पद्धत पुन्हा एकदा नीट समजावून सांगितली. तो ताट उचलून आत गेला तरी मी सांगतच होते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज मुख्य कार्यालयातून एक साहेब आले. त्यांचं काम माणसं मोजणं. किती कर्मचाऱ्यांमागे किती सिस्टर, किती समुपदेशक, मंजूर पदं किती, भरलेली किती. मी त्यांना मोजणीसाहेब म्हणते, मनात.

तक्ता भरून झाल्यावर ते फार खूश झाले. "सगळ्या जिल्ह्यात हे एकच केंद्र, जिथे एकही पद रिकामं नाही. आणि सगळी घरचीच माणसं. कल्याण म्हणतात ते याला."

सिस्टरांनी त्यांना चहा दिला. मग त्यांनी बाईंचा आकडा बघितला. तीन महिन्यांत चौदा टोकनं, प्रत्यक्ष आलेले दोन.

"बाई, एकतीस मार्चला अहवाल जातो. या आकड्यावर तुमची खुर्ची मी कशी वाचवणार, सांगा. हजारभर माणसांत दोघांनाच गरज असेल तर चांगलीच गोष्ट आहे की."

बाई म्हणाल्या, "गरज हजारातल्या दोघांना नाही. दोघं आत येऊ शकले, एवढंच."

"मग बाकीच्यांना अडवतंय कोण?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग सिस्टरांच्या दाराकडे, मग परत चष्मा पुसायला घेतला. मला वाटलं मला काही उत्तर येतं का ते बघताहेत. मी म्हटलं, "बाकही जरा कडक आहे." मोजणीसाहेबांनी ते लिहून घेतलं.

एकतीस याही आठवड्यात आला नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

वहिनीला काय झालंय कळत नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून ती माझ्या भटकण्यावर बोट ठेवते. "वन्सं, एका जागी बसायचं काही औषध निघालं तर तुला पहिली गोळी देईन" हे तिचं आवडतं वाक्य. आणि आता मी तीन आठवडे एका जागी बसले आहे तर तिला बघवत नाही. काल म्हणाली, "चार दिवस फिरून ये कुठेतरी. कंटाळली असशील." परवा म्हणाली, "बोटीवाले परत बोलावत नाहीत का गं?"

आज तर कमालच केली. मी सहज म्हटलं की दाढ ठणकते, तर उभ्या उभ्या दातांच्या डॉक्टरांना फोन करून गुरुवारी अकराची वेळ घेतली.

"अकरा कशाला? मी संध्याकाळी जाईन."

"संध्याकाळी गर्दी असते. अकरालाच जायचं. रजा सांग."

दादा पेपर वाचत होता. पेपरच्या मागून म्हणाला, "दाढ लवकर दाखवलेली बरी."

घर दोन खोल्यांचं आहे, माझी अडचण होत असेल. तसं तोंडावर म्हणायला दोघंही भिडस्त.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरांकडे गेले नाही. निघाले होते, पिशवी खांद्याला होती, तेवढ्यात सिस्टरांच्या रक्तदाबाच्या यंत्राची नळी फाटली. बाहेर बाकावर नऊ जण. सिस्टर म्हणाल्या, "जा तू, मी बघते," पण त्या नळीकडे अशा बघत होत्या की मला जाववलं नाही. फाटलेलं टोक कापलं, उरलेली नळी गरम पाण्यात मऊ केली आणि बसवली. दहा मिनिटांचं काम, मला चाळीस लागली, कारण यंत्राच्या आत पारा कसा चढतो ते बघत बसले.

सांगायचं ते वेगळंच. आज अकराला टोकन एकतीस होता. परवाच चिठ्ठी आली होती. आला नाही, अर्थात. पण अकराच्या सुमाराला मी खिडकीतून बघते तर आमची गाडी. निळी, एक दार पांढरं, तशी दुसरी या गावात नसणार. फाटकाबाहेर थांबली. मी खिडकीतून हात केला. गाडी थोडी पुढे गेली, वळून परत आली, पुन्हा हळू झाली आणि निघून गेली.

दादाची आज साप्ताहिक सुट्टी. मला डॉक्टरांकडे सोडायला आला असणार आणि मी इथेच दिसल्यावर चिडला असणार. माझ्या दाढेची एवढी काळजी आहे त्याला. संध्याकाळी विचारलं, "गाडी घेऊन आला होतास ना?" तर म्हणाला, "छे. मी कशाला येऊ तिथे?"

वहिनी म्हणाली, "दाढ राहिलीच शेवटी." आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती.

४ मार्च, मंगळवार

आज मास्तरांशी बोलणं झालं. मास्तर म्हणजे नव्या पोलिसांना कवायत शिकवतात ते. तीस वर्षं इतरांना गुडघे वर घ्यायला लावून स्वतःचा गुडघा गेला. फिजिओ उशिरा येणार होते म्हणून बाकावर बसले.

"दादा कसा आहे तुझा?"

"मजेत. रेडिओ ऐकतो."

मास्तर जरा वेळ गुडघा चोळत राहिले. "त्याने तुला सांगितलं असेल ना, ते रेल्वेच्या फाटकाचं."

मला एवढंच माहीत होतं की ऑक्टोबरमध्ये त्याचा गाडीवरचा जोडीदार ड्युटीवर असताना वारला. मी तेव्हा बोटीवर होते. फोनवर दादा म्हणाला होता, अपघात झाला, तू यायची गरज नाही. मी आले नाही.

मास्तरांनी सांगितलं. जोडीदार जखमी होता, दादा त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेत होता. फाटक बंद. सायरन चालू, पण आगगाडीला सायरनचं काय. सात मिनिटं. फाटक उघडेपर्यंत मागच्या सीटवर काही उरलं नव्हतं.

"त्याला कुणी दोष दिला नाही," मास्तर म्हणाले. "चौकशीही झाली नाही. तेच वाईट झालं. चौकशी झाली असती तर चार लोकांसमोर बोलला तरी असता."

मी म्हटलं, "मग बाईंकडे पाठवू का? समोरच तर बसतात."

मास्तर हसले. मोठ्याने नाही. त्यांनी काठीने एकेक दार दाखवलं. "इकडे सिस्टर, त्यांचा नवरा माझ्या हाताखाली होता. तिकडे फिजिओ, त्यांच्या सासऱ्यांच्या हाताखाली मी. त्या झाडणाऱ्या आजी आमच्याच जिन्यात राहतात. आणि समोर तू. पोरी, या दारातून मी फक्त गुडघा घेऊन येऊ शकतो. दुसरं काही आणायचं झालं तर मला जिल्हा बदलावा लागेल."

मी हे बाईंना जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं होतं मी काहीतरी मोठा शोध लावला. बाईंनी खण उघडून चार पत्रं दाखवली, चारही त्यांनी मुख्य कार्यालयाला लिहिलेली. बाहेर अनोळखी माणूस बसवा, एवढंच प्रत्येकात. उत्तर एकालाच आलं होतं: घरच्यांना प्राधान्य हे कल्याणाचंच धोरण असून सर्व पदे भरलेली असल्याने बदलास वाव नाही.

"तुम्ही मला कधी बोलला नाहीत."

"तुला काय बोलू? तू काम चांगलं करतेस."

कुणीतरी मला चांगलं काम करतेस म्हणण्याची ही पहिलीच वेळ. त्याचा नीट आनंदसुद्धा घेता आला नाही.

७ मार्च, शुक्रवार

घड्याळाच्या चाकासाठी बारीक पेचकस हवा होता. घरी माझ्या पलंगाखाली पत्र्याचे डबे आहेत, अर्धवट उघडलेल्या वस्तूंचे. तिसऱ्या डब्यात मळकट रुमालात गुंडाळलेला गाडीचा रेडिओ निघाला.

मीच काढला होता. दोन वर्षांपूर्वी, आवाज खरखरतो म्हणून. मग मला रोपवाटिकेचं काम मिळालं आणि तो राहून गेला.

खाली जाऊन बघितलं. दादा अजून यायचा होता. गाडीत रेडिओच्या जागी चौकोनी भोक आहे, आतून दोन वायरी लोंबतात. एकीच्या टोकाला मीच चिकटपट्टी लावली होती.

वर आले. पलंगावर बसले. साडेसहाला खाली गाडीचं दार उघडलं आणि लागलं. इंजिन सुरू झालं नाही. दार परत उघडलं ते सात वाजायला पाच मिनिटं कमी असताना.

टोकन एकतीस. मंगळवार अकरा, मंगळवार अकरा, गुरुवार अकरा. तू तिथे पूर्ण वेळ असतेस का? दाढ लवकर दाखवलेली बरी. निळी गाडी, एक दार पांढरं.

आणि मी खिडकीतून हात केला.

१० मार्च, सोमवार

दोन दिवस काही लिहिलं नाही. दादाशी बोलावं असं शंभरदा वाटलं. पण बोलले तर सगळंच संपलं. ज्याने नाव सांगितलेलं नाही त्याला नावाने हाक मारल्यासारखं होईल. आणि तो कधीच जाणार नाही, इथे नाही आणि दुसरीकडेही नाही. मला जे कळलंय ते टोकन पुकारणारी म्हणून कळलंय. बहीण म्हणून नाही.

आज बाई येत नाहीत, म्हणून फोन केला. म्हटलं, "समजा माझी जागा रिकामी झाली तर काय होतं?"

"यादीतल्या पुढच्या घरच्या माणसाला मिळते. पण त्याची मंजुरी यायला दोन महिने. तोपर्यंत रोजंदारीवर बाहेरचं कुणीही घेता येतं." मग त्या थांबल्या. "का?"

"मी सोडते."

पलीकडे बराच वेळ शांतता. बाईंना शांत बसायचा पगार मिळतो, त्यामुळे त्यांच्यापुढे शांततेत टिकाव लागत नाही. तरी मी टिकले.

"कारण काय लिहू?" शेवटी त्याच म्हणाल्या.

"कंटाळा आला असं लिहा. सगळ्यांना पटेल."

"खरंच आलाय?"

"नाही."

एवढं एकच मी बोलले. त्यांनी पुढे विचारलं नाही. म्हणाल्या, "शहराच्या पलीकडच्या टोकाला एक मुलगी आहे, दुकानात होती. तिच्या घरात तीन पिढ्यांत पोलीस नाही. सोमवारपासून येऊ शकेल."

१३ मार्च, गुरुवार

शेवटचा दिवस. सिस्टर माझ्यावर रागावल्यात. "नळी जोडणारं माणूस मिळालं होतं, तेही चाललं." बाईंनी त्यांना सांगितलंय की यापुढे मंगळवारी, गुरुवारी दहा ते बारा सिस्टरांनी आपलं दार बंद ठेवायचं आणि रक्तदाब दुपारी तपासायचा; फिजिओ आणि झाडणाऱ्या आजीही त्या दिवशी बारानंतरच येणार. सिस्टर म्हणाल्या, "म्हणजे आता मी आंधळी व्हायचं." पण दाराला आतून कडी नव्हती ती मला लावायला सांगितली. लावून दिली, पूर्ण, चारही स्क्रू.

मोजणीसाहेबांचा फोन आला होता, त्यांच्या तक्त्यात एक पद रिक्त दिसायला लागलंय म्हणून फार वाईट वाटलं त्यांना.

घड्याळाचं राहिलंच. पेचकस घरी विसरले.

जेवताना जाहीर केलं, "मी नोकरी सोडली. सोमवारपासून पंखे आणि मिक्सर दुरुस्त करणाऱ्याकडे बसणार. बाजारात. तिथून हलायचं नाही, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा." शेवटचं वाक्य जरा ठासून म्हटलं.

दादाने घास खाली ठेवला. "का सोडलीस?"

"कंटाळा आला."

"साडेपाच आठवडे," तो म्हणाला. "बोटीवर नऊ काढले होतेस. भिंगरे, तुझं कठीण आहे."

"मग तिथे आता कोण?" वहिनीने विचारलं, खाली बघून.

"कुणी अनोळखी मुलगी आहे. पलीकडच्या टोकाची. इथल्या कुणालाच ओळखत नाही."

मला वाटलं होतं वहिनी आता औषधाच्या गोळीचं वाक्य टाकणार. ती उठली, माझ्या फाटलेल्या पिशवीचा पट्टा घेतला आणि जेवण अर्धं टाकून शिवायला बसली. म्हणाली, नव्या कामावर फाटकी पिशवी बरी दिसत नाही. तिच्या मनात काय चाललंय मला कधीच समजायचं नाही. बरं आहे, तिला यातलं काहीच माहीत नाही.

१६ मार्च, रविवार

रेडिओ दुरुस्त केला. खरखर अजून आहे, पण बातम्या समजतात. दादा झोपला होता तेव्हा गाडीत बसवून आले.

१८ मार्च, मंगळवार

दुकानात आज एक मिक्सर आणि दोन पंखे. मालक म्हणतात माझा हात चांगला आहे, पण डोकं हाताबरोबर राहत नाही. अकरा वाजता मी पंख्याची गुंडाळी सोडवत होते. तारेचे वेढे मोजायचे असतात. मी चारदा चुकले, चारदा पहिल्यापासून मोजलं. साडेबाराला सिस्टरांचा फोन आला, नळी परत निघाली तर काय करायचं विचारायला. जाता जाता म्हणाल्या, "आज बाक रिकामा नव्हता म्हणे. मी दाराआड होते, मला काय दिसतंय."

मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही नसतं.

साडेसहाला गाडी आली. रेडिओचा आवाज वरपर्यंत आला, खरखरीसकट. एक गाणं झालं, मग बातम्या सुरू झाल्या, आणि बातम्या संपायच्या आत जिन्यावर पावलं वाजली.

आम्ही तिघं जेवायला बसलो. दादा नेहमीपेक्षा सावकाश जेवत होता. डोळे जरा लाल होते, पण गाडीवर ऊन लागतं त्याला. मधेच म्हणाला, "तुमच्या त्या केंद्रातलं भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे."

वहिनीने पाण्याचा तांब्या उचलला आणि न ओतताच खाली ठेवला.

मी ताटाकडे बघत म्हटलं, "हो. मी उघडलं होतं. चाक तुटलं माझ्याकडून."

"तरीच. माणूस बाकावर टेकतो न टेकतो तोच पुकारतात."

"त्या मुलीला सांगू का? पेचकसाने होईल, पाच मिनिटांचं काम आहे."

दादाने थोडा विचार केला. मग तांब्या पुढे ओढून आधी वहिनीच्या पेल्यात पाणी ओतलं, मग माझ्या, मग स्वतःच्या.

"नको," तो म्हणाला. "राहू दे तसंच."